एकेचाळीस वाणांची उतरण

व्हाल द अमिएरु,
२० जानेवारी १९८५

अदेरितु,

तू बरा, ग्रासा बरी, असं धरून चालते. इकडे आम्ही बरे. जुल्मिरुला खोकला आहे, पण तो आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे.

कामाचं लिहिते, कारण छाटणी अर्धी राहिलीय आणि बोटं गारठलीत. परवा सरकारी इंजिनिअर आला होता. तावारिश नाव. चाळिशीचा, चष्मेवाला, पायात शहरातले बूट. दोनदा घसरला. म्हणे नवी योजना आलीय. आपली सोल्येरा, बाबांनी तुझ्या-माझ्या नावावर ठेवलेली अख्खी उतरण, उपटायची. दगडी ताली यंत्राने मोडायच्या, ट्रॅक्टर फिरेल एवढे रुंद टप्पे पाडायचे आणि त्यांवर द्राक्षाचे फक्त पाच वाण लावायचे. पाच! एकेका टप्प्यावर एकेक, पलटणीसारखे उभे. खर्च सरकारचा. फक्त आपल्या दोघांच्या सह्या हव्यात.

मी म्हटलं, आधी वर चला. गेलो. दमला बिचारा. म्हणाला, "बाई, इथे वाण आहेत तरी किती?"

"मोजा की."

"पानं नाहीत हो आत्ता. नुसत्या काड्या. कसं ओळखणार?"

मी एकेकीला हात लावून सांगत गेले. "ही मांजरशेपूट. हा कुत्रागळा, इतका आंबट की कुत्र्याचाही घसा आवळेल. ही कुमारिका. हा बाश्तार्दु, बिनबापाचा." शेवटच्या नावाला तो जरा लाजला. मी म्हटलं, "मी नाही ठेवलं. तुमच्याच पुस्तकात असेल."

"पण पानांशिवाय तुम्हाला कळतं कसं?"

"तुम्ही तुमच्या आईला पाठमोरी ओळखत नाही का?"

तो पुढची पायरी चढायला लागला. हद्दीचा जुना दगडी खांब दिसल्यावर मात्र त्याने टोपी काढली. दोनशे वर्षांपूर्वी लिस्बनच्या मंत्र्याने चांगल्या वाइनचा मुलूख कुठवर ते ठरवायला हे खांब रोवले, असं मलाच समजावायला लागला. खांबावर जुल्मिरुचं जाकीट टांगलेलं होतं, ते मी काढून घेतलं. आणि त्याला सांगितलं, त्याच मंत्र्याने आमच्या लोकांची एल्डरची झाडंही उपटायला लावली होती, का तर त्यांची फळं पिळून लोक वाइनला रंग देत होते. सरकार या डोंगरावर येतं ते काहीतरी उपटायलाच येतं.

मी नाही म्हणून सांगितलंय. तूही दोन ओळीत नाही लिहून पाठव, म्हणजे विषय मिटला.

तुझी ताई,
देओलिंदा


आर्झांतेई,
९ फेब्रुवारी १९८५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. ग्रासाला वाचून दाखवलं, जुल्मिरुभावोजींच्या खोकल्याला ती पोट धरून हसली. तिकडची थंडी मला आठवते. हातमोजे घालत जा, मागच्या ऑगस्टला आणून दिलेत ते पेटीत ठेवण्यासाठी नाहीत.

आता शांतपणे वाच. मी त्या इंजिनिअरच्या बाजूने आहे.

त्याचे पाच वाण कोणते ते मी इथल्या, फ्रान्समधल्या आपल्या माणसांकडून ऐकलं: दोन्ही तोरीगा, रोरिझ, बारोका आणि तिंतु कांव. सगळे आपल्या नदीकाठचेच, परके कुणी नाहीत. पिकतात चांगले, रंग चांगला. आजोबांनी इतके वाण लावले ते हौसेने नव्हे, भीतीने. मुळं खाणाऱ्या उवेने सगळा डोंगर मारला होता. अमेरिकेहून आलेल्या रानटी खुंटावर कोणतं कलम जगेल हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हाताला लागेल ते लावलं. आता कळलंय की कोणतं चांगलं. मग कुत्रागळा कशाला सांभाळायचा?

माझ्या काही शंका आहेत, त्या इंजिनिअरला विचारून कळव. टप्पे किती मीटर रुंद? ट्रॅक्टर रस्त्यावरून थेट टप्प्यावर चढेल का? मध्ये कुठे पायऱ्या राहतील का, आणि राहिल्या तर किती?

मी सही करायला तयार आहे. तूही कर.

तुझा,
अदेरितु


व्हाल द अमिएरु,
३ मार्च १९८५

अदेरितु,

हातमोजे घालून छाटणी होत नाही. हे तुला आता सांगावं लागतंय यातच सगळं आलं. वीस वर्षं मोटारींची दारं बसवतोस आणि मला कोणती वेल सांभाळायची ते शिकवतोस.

आजोबांचं तू काय सांगतोस? ते गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास, नाक वाहत असायचं. मी त्यांच्याबरोबर तालीवर बसून जेवलेय. भीतीने लावलं म्हणे! ऐक.

ऊ आली तेव्हा या गावात साठ घरं होती. दहा वर्षांत बावीस राहिली. बाकीची ब्राझीलला गेली. नदीपलीकडच्या उजाड ताली अजून तशाच आहेत, तू लहानपणी तिथे सशांमागे पळायचास. आजोबा जाणार नव्हते, कारण आजीने बोटीत पाय ठेवायला नकार दिला. मग जे घर निघायचं, ते आपल्या दारावरच्या मांडवाची शेवटची जिवंत वेल छाटून काड्यांची मोळी आजोबांच्या हातात द्यायचं. "ठेव रे. परत आलो की नेतो." आजोबांनी त्या सगळ्या रानटी खुंटांवर बांधल्या. ज्या दिवशी जी मोळी आली त्या दिवशी ती, जिथे खुंट मोकळा होता तिथे. म्हणून काळ्यांत पांढऱ्या आणि पांढऱ्यांत काळ्या. परत कुणी आलं नाही. पण विधवेची पांढरी वर आहे, लोहाराची काळी आहे, सात पोरींची आहे. आजोबा मला वेली नाही दाखवायचे, घरं दाखवायचे. "हे दामियांवचं घर, हे तेलवाल्याचं."

आणि वाइनचं म्हणशील तर, कुणी लवकर पिकतं, कुणी हिरवंच राहतं, आणि सगळं एकाच दिवशी तोडून एकाच हौदात तुडवायचं. गोडवा एकाचा, धार दुसऱ्याची. कुत्रागळा नसेल तर उरलेलं सगळं मुरंब्यासारखं लागेल. आई सांगायची ते विसरलास.

मीटर आणि पायऱ्या कशाला विचारतोस ते मला कळलं. ट्रॅक्टर चढणारी जमीन विकायला सोपी. तुला विकायची आहे. तोंडाने सांग ना तसं. पत्रात मोजमाप कशाला घेतोस?

देओलिंदा


आर्झांतेई,
२४ मार्च १९८५

ताई,

मला विकायची नाही. पुन्हा असं लिहू नकोस.

पण अर्धी माझी आहे. मला खालची अर्धी दे, रस्त्याला लागून आहे ती. वरची तुझी, तिथे कुत्रागळा ठेव नाहीतर वाघगळा, मी विचारणार नाही. माझ्या अर्ध्यात मला रुंद टप्पे आणि पाच वाण हवे आहेत. ट्रॅक्टर मी घेईन. याच्यावर आता वाद नको.

यंदा ऑगस्टला आमचं येणं जमणार नाही. कारखान्यात जादा काम आहे.

नातीचा बाप्तिस्मा झाला. फोटो सोबत आहे. तुझ्यासारखं कपाळ आहे, देव तिला सांभाळो.

अदेरितु


व्हाल द अमिएरु,
३० जून १९८५

अदेरितु,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाटेत पोस्टमनची पिशवी पेटली असती.

वेली फुलल्या, पाऊस लागला नाही, घड चांगले धरलेत. तावारिश परत आला, या वेळी पानं असताना, आणि धड बूट घालून. तीन दिवस मोजत होता. जेवायला घातलं, दुसरं काय करणार. एकेचाळीस वाण निघाले. तेहतीस त्याने ओळखले. आठ त्याच्या पुस्तकात नाहीत. त्यांची पानं त्याने वर्तमानपत्रात दाबून घेतली. मग माझ्या स्वयंपाकघरात बसून, सूप निवत ठेवून, हळूच म्हणाला, "बाई, हे आठ कदाचित दुसरीकडे कुठेच उरले नसतील. मी योजनेचा माणूस आहे, सही करू नका असं मला म्हणता येत नाही. पण घाई करू नका एवढं म्हणतो."

मी विचारलं, "ते आठ आहेत कुठे?"

"सहा खालच्या अर्ध्यात."

म्हणजे तुझ्या ट्रॅक्टरखाली.

खालचीच अर्धी का रे तुला? खाली ऊन जास्त, द्राक्ष गोड, म्हणूनच ना? दर ऑगस्टला गाडीच्या टपावर फ्रीज बांधून यायचास आणि पहिल्याच दिवशी धापा टाकत वरपर्यंत चढायचास, तो माणूस कुठे गेला?

फोटो बघितला. पोर गोड आहे. सगळे उभे. ग्रासा उभी, तुझी ऐंशी वर्षांची सासू उभी, पाद्री उभा, आणि मधोमध तू बिशपासारखा खुर्चीत. पैसा माणसाला असा बसवतो हे मला माहीत नव्हतं.

ऑगस्टला येत नाहीस ते बरंच आहे.

देओलिंदा


आर्झांतेई,
११ जुलै १९८५

वन्सं,

मी ग्रासा. हे पत्र मी यांच्या मागे लिहितेय. यांना कळलं तर बोलणार नाहीत, पण आता मला ते चालेल.

ते फोटोत बसले कारण त्यांना उभं राहता येत नव्हतं.

नोव्हेंबरात कारखान्यात लोखंडी चौकट त्यांच्या अंगावर घसरली. उजवा खुबा मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आता कुबडी घेऊन सपाटीवर चालतात, पण पायरी चढता येत नाही. आम्ही तळमजल्यावर राहायला आलोय. डॉक्टर म्हणाले, याहून सुधारणार नाही. कारखान्याने पेन्शन लावून दिली. जादा काम वगैरे काही नाही. यांनी मला शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. "ताईसमोर मी कुबडी घेऊन गाडीतून उतरणार नाही," म्हणाले.

त्यांना घरी यायचंय, वन्सं. दुसरं काही नको. पण म्हणतात, त्या डोंगरावर लंगडा माणूस काय करणार? चर्चच्या भिंतीतल्या पुतळ्यासारखा खाली बसून बायकांना वर काम करताना बघणार? म्हणून तो ट्रॅक्टर. तो बसून चालवता येतो. म्हणून खालची अर्धी. दिवसभर कागदावर टप्पे काढत बसतात, आणि प्रत्येक टप्प्याला रस्ता.

तुमचं शेवटचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मला ते बघवलं नाही.

तुमची,
ग्रासा


व्हाल द अमिएरु,
१९ जुलै १९८५

गाढवा,

ग्रासाला काही बोललास तर मी स्वतः आगगाडीत बसून येईन आणि दुसरा खुबा मोडीन.

आठ महिने! खुबा मोडला आणि बहिणीला मीटर विचारत बसलास. बिशपाचं मी लिहिलं ते चुकलं. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. तेवढं पत्र फाडून टाक.

आता ऐक, मी रात्रभर नव्हे, दोनच मिनिटं विचार केलाय, कारण यात विचार करण्यासारखं काही नाहीच.

ट्रॅक्टर कुणीही बसून चालवेल. जुल्मिरुही चालवेल, आणि नदीत घालेल. पण कलमं? तू फ्रान्सला पळालास त्याच्या आदल्या वर्षी या काठावर तुझ्याइतकी कलमं कुणाची जगत होती? शेजारच्या गावचे लोक तुला न्यायला खेचर पाठवायचे. त्यातला कितीसा वेळ तू पायांवर उभा असायचास? जमिनीवर बसून, मांडीवर चाकू. टेबलाशी बसूनही कलम बांधतात, तावारिश म्हणतो आता सगळीकडे तसंच चालतं. खुंट आणि काडी टेबलावर बांधायची, मग ओल्या वाळूत ठेवायची आणि पुढे रोपं जमिनीत लावायची. खुब्याचा यात काय संबंध? चाकू खुब्याने धरतोस का?

चर्चखालचं माझं बटाट्याचं शेत, हुंड्यात मिळालेलं, तुला माहीत आहे. सपाट, रस्त्याला लागून, गाडी थेट दारात. तिथे एकेचाळीस ओळी बसतात. मी पावलांनी मोजून आले. प्रत्येक वाणाची एक ओळ, आणि आठ अनोळखी सगळ्यात पुढे. तावारिश म्हणतो, असा मळा झाला तर त्याचं खातं रानटी खुंट फुकट देईल. शेताच्या टोकाची कोठी साफ करून घेते. तिला उंबरठाही नाही. तू आणि ग्रासा तिथे राहा, नाहीतर आमच्याकडे तळमजल्याच्या खोलीत. पण जुल्मिरुचा खोकला ऐकावा लागेल.

सोल्येरा आहे तशी राहील, वरची आणि खालचीही. हे मी विचारत नाही, सांगतेय. वर मी चढेन. माझे खुबे दोन्ही शाबूत आहेत. काड्या मी कापून खाली पाठवीन, तू बांध.

बटाटे बाजारातून घेऊ.

देओलिंदा


आर्झांतेई,
२ ऑगस्ट १९८५

ताई,

ग्रासाशी मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने सूप वाढलं नाही, मग बोललो.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तावारिशला कळव, मी सही करत नाही. टप्प्यांचे कागद ग्रासाने चूल पेटवायला नेले, मी अडवलं नाही.

काल स्वयंपाकघरात बसून अंगणातल्या दोन फांद्या घेऊन कलम बांधून बघितलं. पहिलं गबाळं झालं. चौथं बरं झालं. हात विसरलेले नाहीत, फक्त रागावलेत.

पेन्शनचे कागद ऑक्टोबरात होतील. तोडणीला पोचणार नाही, नव्या वाइनला पोचेन. आणि ऐक, मी गाडीतून उतरताना सगळं गाव गोळा करू नकोस.

बटाट्याच्या शेताचं तुला खरंच काही वाटत नाही?

अदेरितु


व्हाल द अमिएरु,
१० ऑगस्ट १९८५

वाटतं. तीस वर्षं खत घातलंय त्याला. म्हणून तर देतेय. तुझी कलमं जगली नाहीत तर मातीवर ढकलता येणार नाही.

गाव मी गोळा करत नाही. गाव आपलं आपण गोळा होतं.

दे.


(फेब्रुवारी १९८६ पासूनच्या चिठ्ठ्या. वरून खाली जाणाऱ्या जुल्मिरुच्या खेचरावरून गेल्या, खालून वर त्याच खेचरावरून आल्या.)

११ फेब्रुवारी, वरून

सहा मोळ्या पाठवल्यात. एक गाठ म्हणजे काळी, दोन गाठी म्हणजे पांढरी. नावं पाटीवर आहेत. सुरुवात लोहाराच्या काळीपासून कर, तिच्या काड्या लवकर सुकतात. पायाला ऊब ठेव.

११ फेब्रुवारी, खालून

सहा नाही, पाचच मोळ्या पोचल्या, आणि त्यातल्या दोन एकमेकींत मिसळलेल्या. भावोजी म्हणतात ओढ्याशी खेचर बुजलं. खेचराला ओढ्याजवळच्या खानावळीचा वास येत असावा, तो भावोजींनाही येत होता. मी सगळ्या काड्या टेबलावर पसरून वेगळ्या केल्या. चार ओळखता आल्या नाहीत. परत पाठवतोय, बघ.

१२ फेब्रुवारी, वरून

चारांपैकी दोन नावाड्याच्या लाल आहेत. पेराजवळ जरा जांभळट असते, बोटाने घासून बघ. उरलेल्या दोन वेली नव्हेतच, अंजिराच्या फांद्या आहेत. वीस वर्षं फ्रान्सला राहिलास म्हणजे काय! सहावी मोळी खानावळीत सापडली. तिथल्या बाईंनी ती फुलदाणीत ठेवली होती.

१२ फेब्रुवारी, खालून

अंजीर मीही ओळखलं होतं. तू ओळखतेस का ते बघत होतो.

आज नव्वद बांधली. ग्रासा बांधायला राफियाचे धागे कापून देते. तावारिश दुपारभर इथेच होता, आठ अनोळखींची नावं तुझ्याकडून विचारून एकेका ओळीवर लावतोय. सरकारी पाटीवर "विधवेची पांढरी" लिहिताना त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

२५ फेब्रुवारी, वरून

आजची शेवटची खेप. वरचा खालचा सगळा डोंगर छाटून झाला. इथून तुझी कोठी दिसते, दारात तू टेबल मांडलेलं दिसतं. मान खाली घालून बसलेला दिसतोस. किती वेळ वर बघितलं नाहीस. मी हात केला होता.

२५ फेब्रुवारी, खालून

बघितला. हातात चाकू होता म्हणून उलट हात केला नाही. संध्याकाळी जेवायला खाली ये, ग्रासाने खारवलेला कॉड मासा भिजत घातलाय. कांदे आण. बटाटे मी आणले.


कोठी,
१८ मे १९८६

ताई,

तोंडावर सांगवेना म्हणून लिहितोय, भावोजींच्या हाती देतो.

रोपं फुटली. एकेचाळीसपैकी चाळीस वाण. काल सकाळी ग्रासाला घेऊन ओळ न् ओळ फिरलो. कोंब बोटभर आहेत, काही दोन बोटं. तावारिश आज येऊन गेला, त्याने सगळ्या ओळी दोनदा मोजल्या.

पण नावाड्याची लाल गेली. बाराच्या बारा. सगळ्या सांध्यावर काळ्या पडल्या. भावोजींच्या ओढ्याचा दोष नाही. त्या मी दुसऱ्याच दिवशी, थंडीत, घाईने बांधल्या होत्या, गाठ सैल राहिली असेल. आठांतलीच एक होती. तू तिला पेराच्या रंगावरून ओळखून दिलीस आणि मी ती घालवली. तुझं बटाट्याचं शेत घेऊन एक ओळ मोकळी ठेवली.

फार वाईट वाटतंय.

अदेरितु


सोल्येरा,
१८ मे, दुपार

अदेरितु,

घालवली कशी? वर उभी आहे ना ती. चौथ्या तालीवर, ऑलिव्हच्या सावलीपलीकडे. आत्ताच बघून आले, कोंब हातभर, फुलायला आलीय.

जानेवारीत काड्या कापते. पुन्हा बांध. पुन्हा नाही फुटली तर त्याच्या पुढच्या जानेवारीत बांध. घाई कसली? आता तुला कुठे जायचंय?

देओलिंदा